दावा लावायला किती पैसे लागतात?

यवतमाळ जिल्ह्यात जमिनीचा वाद नाही असे गाव सापडणे अवघड. धुऱ्यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. सावकाराला 'विश्वासाने' लिहून दिलेले खरेदीखत पुढे गळ्याशी येते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही, हे बापाच्या पश्चात कळते. मग कास्तकार तालुक्याला जातो, वकिलासमोर कागदांची पिशवी रिकामी करतो आणि विचारतो, "साहेब, दावा लावायला किती लागतील?" वकील एक आकडा सांगतात. त्यात वकिलांची फी किती, टायपिंग आणि नकलांचा खर्च किती आणि सरकारजमा होणारी कोर्ट फी किती, हे वेगळे करून कुणी विचारत नाही. पुष्कळदा तो आकडा ऐकूनच माणूस पिशवी उचलतो आणि घरी परततो.

म्हणून या आकड्यातला सरकारी हिस्सा उलगडून सांगणे मला फार गरजेचे वाटते. कोर्ट फी हा सगळ्या दाव्यांना लागू पडणारा एकच दर नाही. आपण न्यायालयाकडे काय मागतो आणि कोणत्या शब्दांत मागतो, यावर ती ठरते. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी कायद्यात वाटाही आहेत. पण त्या वाटा माहीत असलेला माणूस आपल्याकडे दुर्मीळ.

आधी कायदा कोणता ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सर्वोच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांतील फी ठरवणे राज्यांच्या हाती आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९५९ चा न्यायालय फी कायदा आहे. तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला, म्हणजे विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात होता तेव्हा. म्हणून त्याचे नाव बरीच वर्षे 'मुंबई कोर्ट फी कायदा' असे होते आणि जुन्या वकिलांच्या तोंडी ते अजून आहे. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेले की कायदा बदलतो. तिथे तेलंगणाचा कायदा, तिथली फी निराळी. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत आणि जमिनीही आहेत, त्यामुळे 'माझ्या मेव्हण्याला इतकेच लागले' हा हिशेब इथे चालत नाही. जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत, फी तिथली.

न्यायासाठी पैसे घ्यायचे, ही पद्धत बंगालमध्ये कंपनी सरकारने रुळवली. कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये न्यायालयांतली फी काढून टाकली होती. पण दोनच वर्षांत, १७९५ मध्ये, सर जॉन शोअरच्या काळात ती परत आली. खोटे आणि त्रासदायक दावे थांबावेत, हे कारण देण्यात आले. पुढे मेकॉलेने या कारणाची कठोर चिकित्सा केली. त्याचा मुद्दा साधा होता: फी तर खोट्या आणि खऱ्या फिर्यादीला सारखीच द्यावी लागते, मग ती खोट्यालाच कशी थांबवणार? त्या मुद्द्याला आजही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. पुढे १८७० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कोर्ट फी कायदा झाला आणि आजच्या राज्यांच्या कायद्यांचा सांगाडा त्यातूनच आला.

आता प्रत्यक्ष हिशेब. सगळ्यात सरळ प्रकार पैशाच्या वसुलीचा. उसने दिले, मालाचे पैसे अडकले, धनादेश परत आला आणि रकमेचा दावा लावायचा आहे, तर जितकी रक्कम मागाल तितक्यावर फी. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रकमेच्या टप्प्याटप्प्याने दर दिले आहेत. या तक्त्यातली एक गोष्ट मनाला लागते: दावा लहान असेल तर टक्केवारी जास्त आणि दावा मोठा होत जाईल तसतशी टक्केवारी कमी. शिवाय फीला कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी ३ लाख रुपये होती, जानेवारी २०१८ च्या दुरुस्तीने १० लाख झाली. म्हणजे ती मर्यादा गाठल्यावर दावा कितीही कोटींचा असो, फी १० लाखांपुढे जात नाही. राळेगावच्या एखाद्या दुकानदाराने लाखभराची उधारी मागितली, तर त्याच्या रकमेच्या प्रमाणात पडणारा भार एखाद्या मोठ्या कंपनीवरच्या भारापेक्षा कितीतरी जड असतो. मला हे उलटे वाटते आणि त्याकडे पुढे पुन्हा येतो.

रकमेच्या दाव्यात एक सल्ला जरूर लक्षात ठेवावा. रागाच्या भरात फुगवून रक्कम मागू नये. दोन लाख येणे आहे आणि मानसिक त्रासाचे म्हणून दहा लाख लावले, तर फी बारा लाखांवर भरावी लागते. न्यायालयाने शेवटी दोनच लाख मंजूर केले, तर उरलेल्या दहा लाखांवर भरलेली फी विरुद्ध पक्षाकडून मिळण्याची आशा नाही.

जमिनीच्या ताब्याच्या दाव्यात चित्र एकदम पालटते. सातबारा हातात घ्या. गाव नमुना सातच्या भागात क्षेत्र, पोटखराबा आणि त्याजवळच 'आकार' असा एक रकाना असतो. त्यात रुपये-पैशांत एक छोटासा आकडा असतो, चार-पाच एकरांच्या कोरडवाहू वावरासाठी काही रुपये. हा जमिनीचा सारा. कुणीतरी बळकावलेली शेतजमीन परत मागायची असेल, तर दाव्याची किंमत जमिनीच्या बाजारभावावर धरली जात नाही, या आकाराच्या कायद्याने ठरवलेल्या पटीवर धरली जाते. ज्या वावराची बाजारात तीस-चाळीस लाख किंमत आहे, त्याच्या ताब्याच्या दाव्याची कोर्ट फीपुरती किंमत त्यामुळे अगदी किरकोळ निघते. ही सवलत शेतीसाठी मुद्दाम ठेवलेली आहे. 'एवढी मोठी जमीन, फी लाखात जाणार' या धास्तीने बळकावलेले वावर सोडून देण्याची वेळ कुणावर यायला नको. वकिलांकडे जाताना चालू वर्षाचा सातबारा आणि आठ-अ दोन्ही न्यावेत. आकाराचा आकडा त्यांना तिथूनच मिळतो.

घर, दुकान, अकृषिक प्लॉट यांना मात्र ही सवलत नाही. तिथे बाजारभाव. वणीच्या किंवा पुसदच्या वस्तीतला प्लॉट असेल, तर किंमत लागते ती आजची. लेआउट पडून जमीन अकृषिक झाली की तोच तुकडा कोर्ट फीच्या दृष्टीने पार निराळा होतो.

वाटणीच्या दाव्यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटते की वाडा आणि सगळी जमीन मिळून जी किंमत होईल, त्यावर फी. तसे नाही. फी लागते ती मागणाऱ्याच्या हिश्श्यावर. समजा दारव्ह्याला वडिलोपार्जित घर आहे, त्याची किंमत ३० लाख आणि वारस तीन, दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीने वाटणी मागितली, तर घरापुरती तिच्या दाव्याची किंमत १० लाख. सोबतच्या शेतजमिनीतल्या हिश्श्याची किंमत आकाराच्या हिशेबाने. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर मुलीही मुलांच्या बरोबरीने सहदायाद झाल्या. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. त्यानंतर ज्या बहिणी वाटणी मागायला पुढे येतात, त्यांना फीच्या भीतीने परत फिरवले जाऊ नये म्हणून हा हिशेब घरोघरी माहीत असायला हवा.

इसाराचे दावे महाग पडतात. इसारपावती झाली, थोडे पैसे दिले आणि विकणारा खरेदी करून देईना, तर कराराच्या पूर्ततेचा दावा लावावा लागतो. त्याची किंमत करारात ठरलेली पूर्ण रक्कम. पाच एकर वावराचा सौदा ४० लाखांत झाला असेल, तर फी ४० लाखांवर, इसार दोन लाखच दिलेला असला तरीही. तेच वावर, तोच सातबारा. ताबा मागितला तर आकारावर फी आणि करार पुरा करून मागितला तर सौद्याच्या रकमेवर. 'काय मागतो यावर फी ठरते' ती अशी. इसारपावती करतानाच हे ध्यानात असले, तर माणूस कोऱ्या कागदावर घाईने सही करणार नाही आणि शक्य तिथे करार नोंदवून घेईल.

न्यायालयाकडून नुसते 'ही मालमत्ता माझी आहे' एवढे ठरवून हवे असेल, तर त्याला जाहीरनाम्याचा किंवा घोषणेचा दावा म्हणतात. मालकी हक्काच्या अशा दाव्यात, ताब्याच्या दाव्याला जी फी लागली असती तिचा पाव भाग लागतो. घोषणेबरोबर ताबा सोडून दुसरी काही दाद, उदाहरणार्थ मनाई हुकूम, मागितली तर निम्मी आणि ताबाही मागितला तर पूर्ण. म्हणून वकील कधी कधी विचारतात, "ताबा तुमच्याकडेच आहे ना?" तो प्रश्न फीशीही जोडलेला असतो. ताबा आपल्याकडे असताना ताबा मागून फी वाढवण्यात अर्थ नाही. ताबा आपल्याकडे नसताना फी वाचवायला नुसती घोषणा मागणेही धोक्याचे, कारण मागता येण्यासारखी दाद मागितली नाही म्हणून तसा दावा फेटाळला जाऊ शकतो.

झालेली विक्री रद्दबातल आहे असे ठरवून मागणाऱ्या दाव्याला मालमत्तेच्या किमतीवरील फीच्या निम्मी फी लागते. आपल्या जिल्ह्यात हा दावा सावकारीशी बांधलेला आहे. कर्जाच्या तारणासाठी म्हणून खरेदीखत लिहून घ्यायचे आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत द्यायचीच नाही, हा प्रकार इथे नवा नाही. अशा माणसाने दिवाणी दाव्याआधी दुसरे दार ठोठावून पाहावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे सावकारांच्या जिल्हा निबंधकाकडे, अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीतून झाला असे सिद्ध झाले, तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश तो काढू शकतो. तिथे जमिनीच्या किमतीवर कोर्ट फी भरावी लागत नाही. अर्जाला कालमर्यादा आहे, म्हणून उशीर करू नये.

किमतीत मोजताच न येणाऱ्या दाव्यांसाठी कायदा एक मानीव किंमत धरतो, १,००० रुपये. साध्या मनाई हुकमाचे पुष्कळ दावे या घरात बसतात आणि त्यांची फी थोडक्यात भागते.

दाव्याच्या किमतीवर दावा कुठे चालणार हेही ठरते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे ५ लाखांपर्यंतचे दावे चालतात, त्यापुढचे वरिष्ठ स्तराकडे. उमरखेडच्या माणसाला यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर आहे. कोणते न्यायालय मिळाले यावर त्याचा एसटीचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च ठरतो आणि काही वर्षांत तो कोर्ट फीलाही मागे टाकू शकतो.

वादपत्राच्या शेवटी, मागण्यांच्या आधी, 'दाव्याचे मूल्यांकन आणि कोर्ट फी' अशा अर्थाचा एक परिच्छेद असतो. आपल्या दाव्यातला हा परिच्छेद प्रत्येकाने वकिलांकडून वाचून घ्यावा. किंमत कमी दाखवली आणि न्यायालयाने सांगूनही मुदतीत दुरुस्त केली नाही किंवा कमी पडलेली फी भरली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर होते. विरुद्ध पक्षाचे वकील ही फट हमखास शोधतात. पण फी कमी पडली म्हणून हक्क लगेच संपत नाही. संहितेच्या कलम १४९ नुसार न्यायालय कमी पडलेली फी नंतर भरायला परवानगी देऊ शकते आणि तशी ती भरली की दावा पहिल्या दिवसापासूनच पुऱ्या फीचा मानला जातो. मुदत संपत आली असेल, हात रिकामे असतील, तर हे कलम लक्षात ठेवावे. उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. तिच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे लोक कमी नाहीत.

फी भरण्याची रीतही आता बदलली आहे. पूर्वी मुद्रांक विक्रेत्याकडून कोर्ट फीची तिकिटे आणून वादपत्रावर चिकटवत. न्यायालयातला कर्मचारी त्यावर पंच मारून ती रद्द करी. १८७० च्या कायद्यातच त्याची तपशीलवार रीत सांगितली होती: तिकिटावरची डोक्याची आकृती कापून काढायची, रकमेचा आकडा शाबूत ठेवायचा आणि कापलेला तुकडा जाळून किंवा अन्य रीतीने नष्ट करायचा. कारण तेच तिकीट पुन्हा वापरले जाण्याची भीती तेव्हापासूनच होती. तेलगी घोटाळ्याने बनावट मुद्रांकांचा पसारा किती मोठा होऊ शकतो ते महाराष्ट्राने पाहिले. आता शासनाच्या 'ग्रास' संकेतस्थळावरून किंवा ई-कोर्ट्सच्या पोर्टलवरून फी थेट सरकारी तिजोरीत भरता येते आणि पावती लगेच मिळते. वकिलांनी आपल्या वतीने भरली असली, तरी त्या पावतीची प्रत मागून घेणे हा पक्षकाराचा हक्क आहे. मागायला संकोच वाटू नये. दाव्याच्या फीशिवाय समन्स बजावण्याचा खर्च आणि वकीलपत्रावरचे वकील कल्याण निधीचे तिकीट यांचाही थोडा खर्च असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: पैसे नसतील तर?

एक वाट स्त्रियांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. 'मालमत्तेचे वाद' म्हणजे कोणतेही, की केवळ लग्नसंबंधातून उभे राहिलेले, यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे. म्हणून बहिणीने भावांविरुद्ध लावलेल्या वाटणीच्या दाव्यात ही माफी मिळेलच असे धरून चालू नये. पण नवऱ्याकडून पोटगी किंवा घटस्फोट मागणाऱ्या बाईला कुणी कोर्ट फीचा आकडा सांगत असेल, तर तिने ही अधिसूचना दाखवावी.

दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची आणि यवतमाळसाठी तिचे मोल मोठे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. साहाय्य म्हणजे नुसता वकील नव्हे, कोर्ट फी आणि समन्सचा खर्चही त्यात येतो. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येत साडेअठरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांत गोंड, कोलाम, परधान, आंध समाजाची वस्ती आहे. यातल्या प्रत्येक माणसाला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाचा दाखला न देताही हे दार उघडे आहे. कोलामाच्या पोडावरच्या माणसाला हे कुणी सांगितले नसेल, तर तो दोष त्याचा नाही.

तिसरी वाट संहितेच्या आदेश ३३ ची, निर्धन व्यक्ती म्हणून दावा लावण्याची. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी कायदा अशा माणसाला भिकारी ठरवणाऱ्या शब्दाने ओळखत असे. तो शब्द गेला हे बरे झाले. फी भरण्याइतके साधन ज्याच्याकडे नाही, त्याने वादपत्रासारखाच सगळा तपशील आणि आपल्या मालमत्तेची यादी देऊन अर्ज करायचा. साधन आहे का हे मोजताना काय धरायचे नाही, हे महत्त्वाचे आहे: ज्या मालमत्तेसाठी दावा आहे ती धरायची नाही आणि कलम ६० नुसार हुकूमनाम्याखालीही जी जप्त होऊ शकत नाही ती धरायची नाही. कलम ६० मध्ये काय येते? कास्तकाराची शेतीची अवजारे, पोट भरण्यासाठी लागणारी जनावरे आणि बियाणे, त्याचे राहते घर, बाईला धर्मरीतीप्रमाणे अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे दारात बैलजोडी बांधलेली आहे आणि गळ्यात मंगळसूत्र आहे म्हणून तुम्ही निर्धन नाही, असे कुणी म्हणू शकत नाही.

अर्जावर विरुद्ध पक्षाला आणि सरकारी वकिलांना नोटीस जाते, चौकशी होते. मंजूर झाला तर त्या घडीला फी नाही. दावा जिंकलात तर न्यायालय फीचा हिशेब करते आणि ती आधी वसूल करण्याचा सरकारचा हक्क मिळालेल्या मालमत्तेवर राहतो. हरलात तर फी भरण्याचा आदेश होतो. अर्ज नामंजूर झाला तरी न्यायालय फी भरायला वेळ देऊ शकते. त्या वेळेत भरली, तर अर्ज दिल्याच्या तारखेलाच दावा दाखल झाला असे मानतात, म्हणजे मुदतीची भीती राहत नाही. इतकी चांगली तरतूद असताना ती क्वचित वापरली जाते, कारण चौकशीत वेळ जातो. ज्याच्याजवळ दुसरा उपाय नाही, त्याने तरी ती टाळू नये.

भरलेली फी परतही मिळू शकते. दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने वाद तिथेच थांबतो. वाद अजून कोर्टात गेलेलाच नसेल, तर दाखलपूर्व प्रकरण म्हणून तो लोकअदालतीत ठेवता येतो आणि फीचा प्रश्नच येत नाही. धुऱ्याच्या आणि उसनवारीच्या वादांना हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण दोन्ही घरे पुढेही त्याच गावात शेजारीच राहणार असतात.

काही वाद तर दिवाणी न्यायालयात न्यायचेच नसतात. शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली, पाटाचे पाणी तोडले, तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जावे. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आदिवासीची जमीन नियमबाह्य रीतीने बिगरआदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळवण्याचा मार्ग महसूल खात्यातून जातो. कपाशीचे बियाणे उगवले नाही किंवा बनावट निघाले, तर जिल्हा ग्राहक आयोग. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले. ग्राहक आयोगात वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य आहे. बियाण्याच्या पिशव्यांची किंमत त्याच्या कितीतरी आत असते. फक्त पिशवीवरचा टॅग आणि दुकानाचे बिल जपून ठेवावे आणि कृषी खात्याकडून पंचनामा वेळेत करून घ्यावा.

प्रकल्पात जमीन गेलेल्यांचे दुखणे वेगळे आहे. बेंबळा, निम्न पैनगंगा, वणी भागातल्या कोळसा खाणी, अशा कितीतरी कामांसाठी इथल्या जमिनी संपादित झाल्या. वाढीव मोबदल्यासाठी उच्च न्यायालयात, म्हणजे नागपूर खंडपीठात, अपील करताना मागणी आणि मिळालेली रक्कम यांतल्या फरकावर फी लागते. फी परवडत नाही म्हणून शेतकरी फरक कमी दाखवतो, आणि हक्काचा मोबदला त्याहून जास्त निघाला तर? भाग सिंग विरुद्ध चंदीगड केंद्रशासित प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले की जमिनीचा खरा मोबदला जास्त असेल, तर केवळ कमी फी भरली म्हणून तो नाकारू नये. कमी पडलेली फी भरायला सांगून पूर्ण मोबदला द्यावा. अपील करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वकिलांपुढे ठेवावा.

फी असावी की नसावी, यावर माझे मत स्पष्ट आहे. कायदा आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात, मोतीलाल सेटलवाड अध्यक्ष असताना, बजावले होते की कोर्ट फी हे सरकारच्या सर्वसाधारण उत्पन्नाचे साधन असू नये आणि न्यायाधीशांचे पगार फीतून नव्हे, सर्वसाधारण करांतून व्हावेत. फ्रान्सने १९७७ च्या कायद्याने दिवाणी न्याय जवळपास मोफत केला. इंग्लंडने उलटा प्रयोग करून पाहिला. २०१३ मध्ये कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांत फी बसवली, तक्रारींची संख्या प्रचंड घटली आणि जुलै २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. फीमुळे खोट्या तक्रारी घटून खऱ्या वाढल्या, असे तिथे दिसले नाही. बंद पडले ते गरिबाचे येणे. लहान दाव्यांवर जास्त टक्का आणि मोठ्यांवर कमी, ही आपली रचना त्या अनुभवानंतर टिकवण्याजोगी नाही. निदान काही लाखांच्या आतल्या दाव्यांची फी नाममात्र करावी आणि तूट भरायचीच असेल तर ती वरच्या टोकाकडून भरावी.

तो बदल होईल तेव्हा होईल. तोवर ज्याला दावा लावायचा आहे, त्याने बैल विकण्याआधी किंवा व्याजाने पैसे काढण्याआधी एक काम करावे. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. तिथे सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि असेल तो जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे आणि फी लागते का, किती लागते, माफ होते का, हे आधी विचारून घ्यावे. जाणे जमत नसेल तर १५१०० हा विधी साहाय्याचा निःशुल्क क्रमांक आहे.